धंद्यावर संकट आलं तर ग्राहकांशी कसं बोलायचं? पेण-रोह्याच्या उदाहरणांसह संपूर्ण माहिती

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. पेण तालुक्यातल्या एका गावात माझ्या मामाचा गणपतीचा कारखाना आहे. त्या दिवशी त्याच्या शेडचे निम्मे पत्रे उडाले. गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती, म्हणजे हातात ऐंशी दिवस. आत सुमारे साडेचारशे कच्च्या मूर्ती होत्या. त्यातल्या साठ-सत्तर भिजून गेल्या, बाकीच्या शाबूत राहिल्या.

पण हे ग्राहकांना कळलंच नाही. गावात वीज नव्हती, मोबाईलला रेंज नव्हती. तिसऱ्या दिवशी मामेभाऊ रेंज मिळेपर्यंत पनवेलच्या दिशेने गाडी घेऊन गेला आणि मला फोन केला. घरचे सगळे ठीक आहेत, एवढं नुकसान झालंय, असं सांगितलं. मी विचारलं, "गिऱ्हाइकांना कळवलं का?" तो म्हणाला, "बाबा म्हणतात आधी आवरू दे, मग सांगू." मीही पुढे काही बोललो नाही.

तेवढ्यात ठाणे-डोंबिवलीच्या ग्रुपवर चिखलात पडलेल्या मूर्तींचा एक फोटो फिरला. खाली लिहिलं होतं, 'पेणचे सगळे गणपती वाहून गेले'. तो फोटो मामाच्या कारखान्याचा नव्हता. पण सातव्या दिवशी मामाचा फोन सुरू झाला तेव्हा तीन ठोक गिऱ्हाइकांनी ऑर्डर दुसरीकडे दिली होती. वादळाने सत्तर मूर्ती नेल्या आणि गप्प बसण्याने दीडशेच्या वर नेल्या.

मला आजही सलते ती गोष्ट वेगळीच आहे. मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो. पुण्यात बसून, सर्व्हर बंद पडला तर ग्राहकाला किती मिनिटांत कळवायचं, हे शिकत होतो. माझ्याकडे वीज होती, नेट होतं. पण मामाच्या ग्राहकांची यादी माझ्याकडे नव्हती, आणि ती मागायचं मला सुचलंही नाही.

तुमच्या घरी दुकान, मेस, क्लास, होमस्टे, टेम्पो किंवा कारखाना असेल तर त्याचं व्हॉट्सॲप बहुतेक तुम्हीच सांभाळत असाल. म्हणून ही माहिती तुमच्यासाठी.

क्रायसिस कम्युनिकेशन म्हणजे काय?

धंद्यावर अचानक संकट आलं की ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना खरी, उपयोगी माहिती वेळेत देत राहणं, याला क्रायसिस कम्युनिकेशन म्हणतात. जाहिरात करणं किंवा लोकांची समजूत घालणं हा त्याचा हेतू नसतो. समोरच्याला त्या माहितीवरून काहीतरी ठरवायचं असतं: ऑर्डर ठेवायची की रद्द करायची, घराबाहेर पडायचं की नाही, पैसे अडकलेत की नाहीत.

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने अशा वेळेसाठी सहा तत्त्वं सांगितली आहेत. सोप्या मराठीत ती अशी:

१. लवकर बोला.
२. बरोबर तेच बोला.
३. खरं बोला.
४. समोरच्याची काळजी समजून घ्या.
५. त्याने काय करायचं ते सांगा.
६. त्याचा मान ठेवा.

यातल्या पहिल्या दोन तत्त्वांचं आपसात भांडण असतं. लवकर बोलायला गेलं तर माहिती अर्धवट असते आणि पूर्ण माहितीसाठी थांबलं तर अफवा पुढे जाते. यातून मार्ग असा: जे नक्की माहीत आहे तेवढंच लगेच सांगायचं, आणि बाकीचं कधी सांगणार ती वेळ द्यायची. मामा नेमका इथे अडकला. किती मूर्ती गेल्या हे मोजून झाल्याशिवाय बोलायचं नाही असं त्याने ठरवलं होतं.

आधी संकटाचा प्रकार ओळखा

टिमोथी कूम्ब्स या अभ्यासकाने संकटांचे तीन गट केले आहेत. लोक आपल्याला किती जबाबदार धरतील, यावर हे गट ठरतात.

- आपणही बळी आहोत: वादळ, पूर, कुणीतरी पसरवलेली खोटी बातमी. लोक समजून घेतात, पण माहिती हवीच असते.
- हेतू नव्हता, पण घडलं: मशीन बिघडलं, सर्व्हर पडला, टेम्पो घाटात बंद पडला. इथे कारण आणि दुरुस्तीची वेळ सांगावी लागते.
- टाळता आलं असतं: सुरक्षेचे नियम पाळले नाहीत, खराब माल विकला, पैशांचा घोटाळा केला. इथे नुसती माहिती देऊन भागत नाही. माफी, भरपाई आणि बदल, तिन्ही लागतात.

सगळ्यात मोठी चूक कोणती? तिसऱ्या गटातलं संकट पहिल्या गटातलं असल्यासारखं सांगणं. गोदामात पाणी शिरलं हे पुराचं संकट आहे. पण इशारा मिळूनही माल जमिनीवरच ठेवला असेल तर लोक लगेच विचारतात, "रेड अलर्ट तर कालच होता ना?"

पहिला मेसेज कसा लिहायचा?

पहिल्या मेसेजमध्ये पाच गोष्टी हव्यात:

१. काय झालं, एका वाक्यात.
२. माणसं सुखरूप आहेत का.
३. ग्राहकावर काय परिणाम होईल, किंवा ते अजून कळलेलं नाही.
४. त्याने आत्ता काय करायचं.
५. पुढचा मेसेज कधी येईल. आणि खाली नाव, तारीख, वेळ.

मामासाठी मी तेव्हा असा मेसेज लिहायला हवा होता:

"नमस्कार. ३ जूनच्या वादळात आमच्या कारखान्याचे पत्रे उडाले. घरची माणसं आणि कारागीर सुखरूप आहेत. काही मूर्ती भिजल्या आहेत, मोजणी चालू आहे. तुमच्या मूर्तीची स्थिती ८ जूनपर्यंत प्रत्येकाला वेगळी कळवू. ज्यांची मूर्ती खराब झाली असेल त्यांना दुसरी करून देऊ किंवा ॲडव्हान्स पूर्ण परत करू. गावात रेंज नाही, म्हणून हा मेसेज पुण्याहून भाचा पाठवत आहे. पुढचा मेसेज ६ जूनला संध्याकाळी ७ वाजता. (५ जून, दुपारी ४)"

यात नुकसान लपवलेलं नाही आणि वाढवलेलंही नाही. ६ जूनला संध्याकाळी नवीन काही कळलं नसेल तरी मेसेज पाठवायचाच: "मोजणी अजून चालू आहे, उद्या सकाळी १० ला कळवतो." वेळ दिली आणि पाळली नाही तर आधीच्या मेसेजवरचाही विश्वास जातो.

तारीख आणि वेळ मेसेजच्या मजकुरातच का लिहायची? व्हॉट्सॲपवर मेसेज फॉरवर्ड झाला की मूळ कधी आणि कुणी पाठवला ते दिसत नाही, फॉरवर्ड केल्याची वेळ दिसते. 'आज दुकान बंद आहे' हा मेसेज चार दिवसांनी कुणाच्या ग्रुपवर आला तर त्याच्यासाठी दुकान 'आज'च बंद असतं. म्हणून 'आज', 'उद्या' असं न लिहिता 'बुधवार, ३ जून' असं लिहा.

कोणतं साधन कशासाठी?

व्हॉट्सॲप बिझनेस: ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जण घेता येतात. पण ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज जातो. खूप जणांना हे माहीत नसतं, आणि ऐन वेळी निम्म्या ग्राहकांना काही पोचतच नाही. बिल देतानाच "नंबर सेव्ह करा" असं सांगायची सवय लावा. 'अवे मेसेज'मध्ये संकटाची ताजी माहिती टाकली तर प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करावं लागत नाही. चुकीचं काही लिहिलं गेलं तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज एडिट करता येतो.

व्हॉट्सॲप ग्रुप: संकटाच्या काळात 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग चालू करा. नाहीतर तुमचा महत्त्वाचा मेसेज दोनशे 'ओके' आणि हात जोडलेल्या इमोजींखाली गाडला जातो. पण प्रश्न विचारायला एक फोन नंबर नक्की द्या.

एसएमएस: याला डेटा लागत नाही, साध्या फोनवरही येतो, आणि रेंज अधूनमधून येत-जात असेल तर व्हॉट्सॲपपेक्षा हा पोचायची शक्यता जास्त. अडचण लांबीची. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'मूर्ती' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, फोनसाठी तो सहाचा आहे. त्यामुळे आधीच लहान मजकूर तयार ठेवा. उदाहरणार्थ:

"वादळात थोडं नुकसान. सगळे सुखरूप. तुमच्या मूर्तीबद्दल ८ जूनला कळवतो."

हा मजकूर ६७ अक्षरांत बसतो. बहुतेक पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, म्हणून मोठ्या ग्राहकांना आधी पाठवा. कंपनीच्या नावाने एकगठ्ठा एसएमएस पाठवायचे असतील तर डीएलटी नावाच्या व्यवस्थेत नाव आणि मजकुराचा नमुना आधी नोंदवावा लागतो. ते काम ऐन वादळात होत नाही.

गुगल बिझनेस प्रोफाइल: मॅपवर दुकान 'तात्पुरतं बंद' असं दाखवता येतं किंवा बदललेली वेळ टाकता येते. कोलाडच्या राफ्टिंगला किंवा किनाऱ्याला येणारा पर्यटक तुमचं स्टेटस बघत नाही, मॅप बघतो.

दारावरचा फळा: खडूने लिहिलेला फळा, बाजारपेठेतल्या ओळखीच्या दुकानावर लावलेला कागद, रिक्षावरचा भोंगा. वीज गेली की हीच साधनं उरतात. फळ्यावर लिहिलेलं आणि मेसेजमधलं एकच असू द्या.

रेंजच गेली तर?

मोबाईल टॉवरला वीज गेल्यावर बॅटरी आणि डिझेल जनरेटरचा आधार असतो. पण झाडं पडून रस्ते बंद झाले की डिझेल पोचत नाही. फायबरच्या तारा तुटल्या तर टॉवर चालू असूनही नेट मिळत नाही. निसर्ग वादळानंतर दक्षिण रायगडमधल्या कित्येक गावांनी हे अनुभवलं.

म्हणून मी घरात एक पद्धत लावली आहे. आम्ही तिला 'बाहेरचा माणूस' म्हणतो. जिल्ह्याबाहेर राहणारा एक विश्वासू नातेवाईक ठरवायचा. ग्राहकांची यादी, ऑर्डरचा तक्ता आणि तयार मेसेज त्याच्याकडे असतात. आतल्या माणसाने फक्त एक फोन किंवा एक एसएमएस त्याच्यापर्यंत पोचवायचा, पुढचं सगळं तो करतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही डेटाची प्रत दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. घरात दोन वेगळ्या कंपन्यांची सिम असतील तर अजून बरं.

इशारा आधी मिळवायची साधनंही फोनमध्ये ठेवा. फोन अचानक जोरात वाजून स्क्रीनवर सरकारी इशारा येतो, तो सेल ब्रॉडकास्ट. देशभर त्याच्या चाचण्या २०२३ मध्ये झाल्या. एसएमएस एकेका नंबरला जातो, पण सेल ब्रॉडकास्ट टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम मिळतो, त्यामुळे नेटवर्कवर गर्दी असली तरी तो अडकत नाही. 'सचेत' ॲपवरही आपत्तीचे अधिकृत इशारे मिळतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा नंबर आहे.

रोह्यात कुंडलिका नदीची इशारा पातळी २३ मीटर आणि धोका पातळी २३.९५ मीटर मानली जाते. म्हणजे दोन्हींत एक मीटरचंही अंतर नाही. नदीच्या एका काठाला रोहा, दुसऱ्या काठाला अष्टमी. इशारा पातळी आली की त्याच क्षणी 'उद्याची डिलिव्हरी उशिरा होईल' हा मेसेज जायला हवा. धोका पातळीची वाट बघत बसलात तर मेसेज लिहायला वेळच उरणार नाही.

धाटावचे कारखाने: इथे मेसेज जीव वाचवू शकतो

मूर्ती उशिरा मिळाली तर सण हुकेल, पण वायुगळतीचा इशारा उशिरा मिळाला तर माणूस जाईल. रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. १२ डिसेंबर २०२४ ला तिथल्या एका कंपनीत मेथॅनॉलच्या साठवण टाकीचा स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले.

अशा वेळी बोलणं ही कंपनीची मर्जी नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात ४१-ब हे कलम आलं. धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने धोक्यांची आणि ते टाळायच्या उपायांची माहिती कामगारांना, सरकारी यंत्रणेला आणि आसपासच्या लोकांनाही द्यायची, असं त्यात सांगितलं होतं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार, मोठा अपघात झाला तर ज्यांना झळ बसू शकते त्यांना अपघाताचं स्वरूप आणि काय करावं, काय करू नये, हे आधीच सांगावं लागतं. म्हणजे आसपासच्या गावातल्या माणसाला 'सायरन वाजला तर मी काय करू?' हे विचारायचा पूर्ण अधिकार आहे.

कारखान्याच्या संवादात क्रम फार महत्त्वाचा:

१. आतले कामगार आणि लगतची वस्ती. सायरन, भोंगा, फोन. मजकूर फक्त कृतीचा: दारं-खिडक्या बंद करा, किंवा वाऱ्याच्या आडव्या दिशेला जा.
२. अग्निशमन दल, पोलीस, रुग्णालय. कोणतं रसायन, किती साठा. डॉक्टरला उपचार ठरवायला रसायनाचं नाव लागतं.
३. कामगारांची घरची माणसं. ठेकेदाराच्या कामगारांचीसुद्धा.
४. पत्रकार आणि बाकी लोक.

तिसरा मुद्दा बहुतेक वेळा मागे पडतो. स्फोटाचा व्हिडिओ पाच मिनिटांत रोह्याच्या सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि आतल्या माणसाच्या बायकोला तो शेजारणीच्या फोनवर दिसतो. ती गेटवर धावत येते आणि वॉचमन म्हणतो, "मला काही माहीत नाही." गेटवर अधिकार असलेला एक माणूस, हातात त्या पाळीची हजेरी आणि एक चालू फोन नंबर, एवढी तरी तयारी हवी. घरच्यांना कळवण्याआधी जखमी किंवा मृतांची नावं बाहेर सांगायची नाहीत.

तुम्ही अशा कंपनीत नोकरीला असाल तर तुमच्यासाठीही एक गोष्ट: व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी घरी एक मेसेज टाका, 'मी सुखरूप आहे'.

पैशाचं संकट: पेण अर्बन आणि पीएमसी

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले. बोगस कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला. लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले आणि पुढे वर्षानुवर्षं ठेवीदारांना संघर्ष समिती करून मोर्चे काढावे लागले. पेणच्या जुन्या लोकांसमोर आजही बँकेचा विषय काढला तर गप्पांचा सूर बदलतो.

या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. आतून पोकळ झालेल्या धंद्याला चांगला मेसेज वाचवू शकत नाही. पण खरी माहिती लवकर मिळाली तर लोक पुढचं नियोजन करू शकतात: लग्न पुढे ढकलायचं का, फी कुठून भरायची.

पुढचं उदाहरण मुंबईच्या पीएमसी बँकेचं. २३ सप्टेंबर २०१९ ला तिच्यावर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. तेव्हाच्या व्यवस्थापकीय संचालकांनी ग्राहकांना मेसेज करून जबाबदारी घेतली, आणि सहा महिन्यांच्या आत सगळं सुरळीत होईल असा भरवसाही दिला. पुढच्याच महिन्यात त्यांना अटक झाली. निर्बंध वाढत गेले आणि जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. जबाबदारी घेणं बरोबर होतं. पण जी गोष्ट आपल्या हातात नाही तिची तारीख द्यायची नसते. 'पैसे सहा महिन्यांत मिळतील' आणि 'मी दर सोमवारी माहिती देईन' यातलं दुसरं वचनच माणूस पाळू शकतो.

जाता जाता: २०२० पासून बँक ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेतल्या ठेवीदारांना ही विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत मिळण्याची तरतूद झाली.

अफवा आली तर काय करायचं?

पीएमसीच्या त्याच आठवड्यात 'नऊ बँका कायमच्या बंद होणार' असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला. रिझर्व्ह बँकेला २५ सप्टेंबर २०१९ ला तो खोटा असल्याचं जाहीर करावं लागलं. अफवा बहुतेक वेळा खऱ्या बातमीचं बोट धरूनच येते. एक बँक खरंच अडचणीत होती, म्हणून नऊ खऱ्या वाटल्या. पेणचंही तेच झालं. वादळ खरं होतं, म्हणून 'सगळे गणपती गेले' हे पटलं.

खुलासा करताना:

- खोटा फोटो किंवा मेसेज पुन्हा जसाच्या तसा पाठवू नका. लोक फोटो बघतात, वरचं 'खोटं आहे' वाचत नाहीत.
- सुरुवात खऱ्या गोष्टीने करा: "आमच्या ४५० पैकी ३८० मूर्ती चांगल्या आहेत."
- पुरावा द्या. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रासह कारखान्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ पुरतो.
- कुणी पसरवलं यावर भांडत बसू नका.

वारंवार फॉरवर्ड झालेला मेसेज व्हॉट्सॲप एका वेळी एकाच चॅटला पाठवू देतं. पण तोवर तो पुष्कळ ठिकाणी गेलेला असतो. तुमचा खुलासा छोटा आणि स्वतंत्रपणे समजेल असा असेल तरच तो तितका फिरेल.

संकटात फसवणूक करणारेही जागे होतात. 'रिफंडसाठी इथे क्लिक करा' असे मेसेज तुमच्या नावाने जाऊ शकतात. म्हणून रिफंडच्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहा: "आम्ही लिंक, ओटीपी किंवा पिन मागणार नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही." कुणी फसलंच तर लगेच १९३० वर फोन करायला सांगा.

नियम बदलला तर ग्राहकांना काय सांगायचं?

सगळी संकटं आकाशातून येत नाहीत. १२ मे २०२० ला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पीओपीच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दहा दिवसांत केंद्राने ती बंदी वर्षभर पुढे ढकलली. पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात तोवर हजारो मूर्ती तयार होत्या. मग ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने तत्त्वं कडक पाळायला सांगितलं. ९ जून २०२५ ला न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला परवानगी दिली, मात्र परवानगीशिवाय नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही, अशी अट कायम राहिली.

अशा वेळी 'काही होत नाही, बिनधास्त बुक करा' म्हणायचा मोह होतो. त्यापेक्षा तीन ओळी लिहा: आज नियम काय आहे, पुढची तारीख कोणती, आणि नियम बदलला तर तुमच्या ऑर्डरचं काय होईल. "पीओपी मूर्तीला अडचण आली तर त्याच किमतीत लहान शाडूची मूर्ती किंवा पूर्ण पैसे परत." हे वाक्य वाचलेला ग्राहक बातमी बघून घाबरत नाही.

चूक आपलीच असेल तर

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं बंद पडली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीच्या प्रमुखांच्या पहिल्या पोस्टमध्ये तांत्रिक खुलासा होता, माफी नव्हती. लोक चिडले. माफी नंतर आली. पुढे कंपनीने भागीदारांना १० डॉलरचं खाण्याचं कुपन पाठवलं, तर काहींचं ते चाललंच नाही आणि अजून हसं झालं.

याउलट गिटलॅब. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. त्यांनी दुरुस्तीच्या नोंदी सगळ्यांना दिसतील अशा खुल्या ठेवल्या आणि काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. सुमारे सहा तासांचा डेटा गेला, तरी अनेकांनी त्यांच्या मोकळेपणाचं कौतुक केलं.

माफी मागताना 'जर कुणाची गैरसोय झाली असेल तर' असं लिहू नका. गैरसोय झालीच आहे. काय चुकलं, आपण काय भरून देणार, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, या क्रमाने लिहा. आणि कामगाराच्या नावावर बिल फाडू नका. "पोराने चुकून केलं" असं मालक म्हणाला की ग्राहकाच्या मनातून मालकच उतरतो.

आजच करून ठेवायची कामं

- ग्राहकांची यादी (नाव, नंबर, ऑर्डर, ॲडव्हान्स) शीटमध्ये भरा. एक प्रत 'बाहेरच्या माणसा'कडे, एक छापून घरात.
- कोण बोलणार ते ठरवा. एकच माणूस, त्याच्या गैरहजेरीत दुसरा.
- तीन मेसेज लिहून 'क्विक रिप्लाय'मध्ये ठेवा: उशीर होणार, नुकसान झालं, पैसे परत.
- मोठ्या दहा ग्राहकांची वेगळी यादी करा. त्यांना मेसेज नाही, फोन.
- पॉवर बँक आणि दुसऱ्या कंपनीचं सिम चालू ठेवा.
- पावसाळ्याआधी एकदा सराव करा: 'रेंज गेली' असं समजून एका तासात किती जणांपर्यंत पोचता येतं ते बघा.

नेहमी पडणारे प्रश्न

नुकसान सांगितलं तर ऑर्डर रद्द होणार नाहीत का?
काही होतील. पण न सांगता ज्या जातात त्या परत येत नाहीत, आणि का गेल्या हेही कळत नाही.

ग्राहक रागाने काहीही लिहीत असेल तर ब्लॉक करायचं का?
नाही. एकदा सगळ्यांसमोर शांतपणे उत्तर द्या आणि पुढचं बोलणं फोनवर न्या. शिवीगाळ चालूच राहिली तरच वेगळा विचार करा.

एआयकडून मेसेज लिहून घेतला तर चालेल का?
शुद्धलेखन तपासायला चालेल. पण आकडे, तारखा आणि वचनं तुमचीच हवीत. आणि तुमच्या ग्राहकाला तुमची भाषा माहीत असते. मामा अचानक 'आम्ही आपल्या संयमाबद्दल ऋणी आहोत' असं लिहायला लागला तर लोकांना वाटेल नंबर हॅक झाला.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा मोठा पाऊस झाला, कोकणात पूर आले. मामाच्या अंगणात पाणी आलं, शेडपर्यंत पोचलं नाही. त्या रात्री साडेनऊला त्याचा मला फक्त एक एसएमएस आला: "पाणी अंगणात. मूर्ती कोरड्या. कळव." दहा वाजेपर्यंत मी सगळ्या यादीला कळवलं होतं. त्या वर्षी एकही ऑर्डर गेली नाही, आणि २०२० मध्ये गेलेल्या तिघांपैकी एक जण परत आला.